विलासच्या पुढचं मोकळं मैदान

विलास काल पारोळ्यात वारला.

स्मशानातही एकाने विचारलं, "धुळ्याच्या फायनलला तीन गोल खाल्ले, तो हाच ना?"

हाच. आमचा गोलकीपर.
पण ते गोल कसे झाले, हे एकदा लिहायला हवं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात मेहरूणला आमची फुटबॉलची टीम होती. कोच नाना. त्यांचा नियम एकच. बॉल गेला की मागे पळायचं नाही. सगळ्यांनी समोरच्याच्या अंगावर जायचं, त्याच्याच गोलपाशी.

समोरचे गांगरायचे. चुकीचे पास द्यायचे. आम्ही तिथेच बॉल काढून गोल मारायचो. त्या खेळाची नशा अजून आठवते.

पण एखादी लांब किक आमच्या डोक्यांवरून गेली, की मागे फक्त विलास.

सराव पहाटे व्हायचा, मेहरूणच्या तलावाकाठच्या गार वाऱ्यात.
फायनल मे महिन्यात, भर उन्हात.
हा फरक कुणी मोजला नाही.

हाफटाइमला आम्ही दोन गोलांनी पुढे. विलास म्हणाला, "नाना, पोरे थकनात. आते जरा मांगे ऱ्हाऊ द्या. मना पुढे बठ्ठं मैदान मोकळं शे."

नाना हसले. "तू शे ना तठे! मंग?"

सेकंड हाफमध्येही आम्ही अंगावर जात होतो. पण पोचत होतो उशिरा.
लांब किक. एकटा विलास. गोल.
तीनदा तेच.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला त्याच्या घरी जेवण, हे आधीच ठरलेलं. त्याच्या आईने, अक्काने, भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून ठेवल्या होत्या.

"जिंकनात का रे?" तिने दारातच विचारलं.

आम्ही वाकून बूट काढायला लागलो.

"नही अक्का," विलास म्हणाला. "गोल मनाकडतीन सुटनात."

"मंग इतला दिन काय शिकना तू?"

नाना खाली बघत बसले. विलासने त्यांच्या ताटात भरीत वाढलं. "खा ना नाना. तिखट नही शे."

त्यानंतर तो खेळला नाही. पुढच्या वर्षी नानांनी चौघांना मागे ठेवायला सुरुवात केली. म्हणजे त्यांना कळलं होतं. पण अक्काला ते कधी सांगायला गेले नाहीत. आता दोघंही नाहीत.

म्हणून मी सांगतो.
तिन्ही वेळा त्याच्यावर दोघं-तिघं चालून आले होते. आणि आमच्यातला एकही मागे परतला नव्हता.

विलास, तुला मनापासून निरोप.