कोल्ड स्टोरेजमधला तिठा

साधनाचे हात माळ्याच्या घरातले. लहानपणापासून झेंडूच्या माळा ओवून बोटांना पिवळा रंग बसलेला. पण १९९४ साली नाशिकच्या कॉलेजात, गॅदरिंगच्या तयारीत, कोपऱ्यात धूळ खात पडलेला ड्रमसेट तिला दिसला आणि त्या हातांना दुसरं काम सापडलं. वर्गातला ललित गिटार वाजवत गायचा, मोतीराम बेस गिटार वाजवायचा. तिघांनी मिळून रॉक बँड काढला. नाव ठेवलं तिठा. नियम एकच: वाजवायचं ते आपलंच गाणं, आपल्याच बोलीतलं. सिनेमाचं नाही.

कॉलेज संपलं. ललित अंबडला कारखान्यात लागला, मोतीराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. साधना लग्न होऊन पिंपळगाव बसवंतजवळच्या मळ्यात आली आणि गोटीरामशेठच्या पॅकहाऊसवर द्राक्षं निवडणाऱ्या बायांची मुकादम झाली. लोक म्हणाले, आता मिटलं बँडचं. साधनाने शेठकडे एकच मागणं केलं. पगारवाढ नको, हंगाम सरला की कोल्ड स्टोरेजची रिकामी खोली द्या. वीतभर जाड भिंती, भक्कम दार. आत कितीही बडवा, बाहेर चिमणीसुद्धा उडायची नाही. शेठ हसून हो म्हणाला.

तेव्हापासून बँड द्राक्षांच्या तालावर चालला. जानेवारी ते एप्रिल खोलीत पेट्या, बँड बंद. मे लागला की दर रविवारी दोघे मोटारसायकलवरून यायचे. ती खोली आवाज गिळायची. म्हणून साधना दुप्पट जोराने मारायला शिकली, ललित बेंबीच्या देठापासून गायला शिकला. वर्षाकाठी एखादा कार्यक्रम मिळाला, तर साउंडवाला हात जोडायचा, ताई, जरा हळू. पण हळू कसं वाजवायचं हेच ते विसरले होते.

अशी नऊ वर्षं गेली. २००७च्या मे महिन्यात शेठच्या मुलीचं लग्न निघालं. शेठने तिघांना बोलावलं. हळदीला सिनेमाची चार गाणी वाजवा म्हणाला, एवढी वर्षं खोली फुकट दिली, तेवढं तर कराल. मागणं वावगं नव्हतं. ललित डळमळला. खोली गेली तर बँड गेला, हे तिघांनाही ठाऊक होतं. बाहेर येऊन तो साधनाला म्हणाला, चार गाण्यांनी काय बिघडतं?

"काय बिघडत नाय," साधना म्हणाली. "पाचवं आपलं कुणी ऐकणार नाय, एवढंच."

ती एकटी परत आत गेली.

"शेठ, हळदीला पाणी भरते, पंगत वाढते, मांडवाचे हार ओवते. पण गाणी वाजली तर आमचीच वाजतील."

हळद आली ती नेमकी रविवारी. त्या दुपारी तिघे नेहमीसारखे आले, तर खोलीला कुलूप होतं आणि ड्रम बाहेर उन्हात काढून ठेवलेले.

साधनाने नवऱ्याचा टेम्पो आणला, ड्रम चढवले आणि आपल्या मळ्यात उतरवले. शेठचा मांडव तिथून दोन बांध पलीकडे. सासू रंगूबाई झेंडू तोडत होती. साधना म्हणाली, आत्याबाई, इथं वाजवू का?

"नऊ वर्षं दार लावून काय करता गं?" रंगूबाई म्हणाली. "मला बी कळू दे."

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली. भारनियमनात सहाला लाईट जाईल, माझ्याकडे बघू नका, असं मोतीरामने आधीच सांगून ठेवलं.

मग तिठा वाजला. इथे आवाज गिळायला काही नव्हतं. तो झेंडूवरून, द्राक्षबागांवरून गेला आणि मांडवात शिरला. हळदीने माखलेली तोंडं बांधावर आली. पॅकहाऊसच्या बाया पदर खोचून पुढे बसल्या. सहाला लाईट गेली. गिटार मुकी झाली, माईक मुका झाला. साधनाचा हात थांबला नाही. ड्रमला कुठली लाईट लागते?

तेवढ्यात शेठचा माणूस धावत आला. शेठने निरोप दिला होता, हे बंद करा, आत्ताच्या आत्ता कुलूप काढतो.

"शेठला म्हणावं, राहू द्या कुलूप," साधना म्हणाली. "आम्हाला आता दार नको."

ललितने गिटार खाली ठेवली आणि माईकशिवायच गायला लागला. बांधापलीकडे शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द कळत होता.

पुढच्या जानेवारीत कोल्ड स्टोरेज द्राक्षांनी भरलं. तिठा मात्र त्या वर्षी बंद पडला नाही.