धम्मानंदचा आकडा

मुडबीत भीमजयंतीची ज्योत तालुक्याच्या कल्याणवरून पळत आणतात. पोरं आळीपाळीनं पळतात, दमली की मागच्या टेम्पोत जाऊन बसतात. पण वाटेत जो एकदाही टेम्पोत बसला नाही, त्याच्याच हातात वेशीपासून विहारापर्यंत ज्योत द्यायची, आणि असे दोघं निघाले तर वेशीला आधी पोचेल त्याच्या, असा वस्तीचा नियम. दोघं कधी निघालेच नाहीत. दरसाल एकच निघायचा, व्यंकट गवंडी.

आता चव्वेचाळिशीला आलेला हा माणूस दिवसभर लोकांची घरं बांधायचा. त्याच्या नावाची पाटी कुठल्याच घरावर नव्हती. जयंतीच्या दिवशी मात्र वेशीपासून विहारापर्यंत सगळा गाव त्याच्याकडं बघायचा. वर्षाचं त्याचं सुख ते तेवढंच, आणि त्यात वाटेकरी त्याला चालणार नव्हता.

तो वाटेकरी दिवाळीनंतर आला. धम्मानंद, त्याचा चुलत भाऊ, सव्वीस वर्षांचा, कलबुर्गीत शाळेवर खेळाचा मास्तर. दर शनिवारी गावी यायचा आणि रविवारी पहाटे मनगटाला घड्याळ बांधून रस्त्यावर पळायचा. पळायचा कसला! रानात निघालेल्या बायांशी गप्पा मारत, हळूहळू, दुडक्या चालीनं. व्यंकटनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो मनापासून हसला.

"ह्या चालीनं ज्योत आणशील तर निखारा बी राहणार न्हाई," तो म्हणाला.

माघात मात्र हाच दुडका गडी चढावर त्याच्या बाजूनं आला, "दादा, जय भीम" म्हणाला, आणि पुढं निघून गेला. त्याला साधी धाप लागली नव्हती. त्या दिवशी व्यंकटला जेवण गेलं नाही. 

विचारल्याशिवाय राहवेना. एका रविवारी त्यानं आडून आडून विषय काढला, तर त्या भोळ्यानं सगळंच सांगून टाकलं.

"दादा, पळताना रक्तात लॅक्टेट म्हणून एक द्रव्य येतंय. दमानं पळलं की अंग ते वापरून टाकतंय. जोर वाढवला की एका हद्दीनंतर ते साचायला लागतंय, अन् मग गडी जास्त येळ टिकत न्हाई. ती हद्द काळजाच्या ठोक्यावरून कळती. माझी मिनिटाला एकशे पासष्ट. मी रोज त्याच्या लई खाली पळतो, म्हणून लांब जातो. तुमची हद्द काढू का? अर्धा तास जोरात पळायचं, ठोके मोजायचं हे घड्याळ मी देतो."

"मला न्हाई लागत तसलं काही," व्यंकट म्हणाला आणि उठला.

लागत नव्हतं, तर दुसऱ्याच आठवड्यात हुमनाबादच्या बाजारातून तसलंच घड्याळ कामून आणलं ह्यानं? बाहीखाली झाकून बांधायचा, बायकोला सुद्धा दाखवलं नाही. स्वतःची हद्द काढायची, तर धम्मानंदला विचारावं लागलं असतं. आणि काढायची तरी कशाला? कालचं पोरगं एकशे पासष्टला टिकतंय, तर आपण काय त्याच्यापेक्षा कमी आहोत? आपलीही तेवढीच. असली तर जास्तच असेल. मत्सरानं डोळे झाकले की माणूस दुसऱ्याचं काळीजसुद्धा आपलंच धरून चालतो.

महिनाभर तो रोज एकशे साठच्या पुढं ठोके नेऊन पळाला. घरी आला की पाय भरून यायचे, रात्री झोप लागायची नाही, कामावर विटा उचलवायच्या नाहीत. मंगल, त्याची बायको, म्हणायची, "तुमाला बरं न्हाई, औंदा ऱ्हाऊ द्या." त्याला वाटायचं, हिलाही धम्मानंदच पुढं गेलेला पाहिजे. तिच्याशीही तो नीट बोलेनासा झाला.

जयंतीला उजाडायच्या आत कल्याणवरून ज्योत निघाली. व्यंकट पहिल्यापासून सगळ्यांच्या पुढं. घड्याळ एकशे साठ सांगत होतं, म्हणजे अजून पाच शिल्लक. धम्मानंद मागं दिसेनासा झाला, तेव्हा ह्याच्या जिवाला कुठं थंडावा मिळाला. पण निम्मी वाट सरली नाही तोवर मांड्या दगड झाल्या. पुढच्या चढावर तो गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला तो राहिलाच.

धम्मानंद आला तो त्याच्या त्याच चालीनं. वर सरकलेल्या बाहीखालचं घड्याळ त्याला दिसलं.

"दादा, कितीवर पळायलाव?"

"एकशे साठ."

धम्मानंद त्याच्याजवळ सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ती हद्द माझी हाय, दादा. तुमची लई तर एकशे पंचेचाळीस असंल."

मागून टेम्पो आला. कुणीतरी ओरडून विचारलं, बसताव का. व्यंकट तोंड उघडणार, तोच धम्मानंद पोटरी धरून मटकन खाली बसला.

"माझ्या पायात गोळा आलाय. दादा माझ्यापायी थांबलेत. तुमी व्हा पुढं, आमी चालत येताव."

उरलेली वाट दोघं कधी चालत, कधी सावकाश पळत आले. वेस दिसली तसा धम्मानंद आपणहून दहा पावलं मागं राहिला.

हलगी वाजली, वेशीवर थांबलेल्या पोरांनी ज्योत व्यंकटच्या हातात दिली. टेम्पोतल्या पोरांनी हकीकत आधीच गावभर केली होती. म्हातारी आई, चांगुणाबाई, भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना सांगत होती, "माझ्या लेकानं भावासाठी पळणं सोडलं." एवढं कौतुक तर त्याचं आजवर कधीच झालं नव्हतं.

विहारात ज्योत ठेवून तो घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मंगल पाणी घेऊन आली.

"काय झालं? एवढा मान मिळाला की."

"हरलो असतो तर बरं झालं असतं."

"कामून?"

"हरवणाऱ्यावर जळता तरी येतंय," व्यंकट म्हणाला. "त्यानं ती बी सोय ठेवली न्हाई."