नाल ठोकल्यावर एक दिवस

नाल ठोकल्यावर घोडीला एक दिवस उभी ठेवायची की नाही, यावरून आमच्या दारात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून भावाभावांत होत नसतील. भांडणारे दोघे. एक माझी बायको, दुसरा आमचा नालबंद. मी मधे घोडीचा पाय धरून उभा.

आमचा धंदा वरातीच्या घोडीचा. खडकीत रेल्वेच्या रुळांच्या अंगाला पत्र्याचा तबेला आहे आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. पूर्वी टांगा होता. टांगा गेला, घोडी राहिली. दर महिना-दीड महिन्याने नालबंद स्कूटरवर येतो, जुनी नाल उचकटतो, खूर कानशीने घासतो, नवी ठोकतो. त्याचे वडीलही आमच्याकडेच यायचे. हात चांगला आहे. तोंड त्याहून मोठं आहे.

बायकोचं म्हणणं असं, की खिळा खुराच्या कडेतून गेला की आत जिवंत भागाला लागला, हे ठोकताना कळत नाही. घोडी लगेच लंगडत नाही. आधी नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. म्हणून त्या दिवशी खोगीर नाही, झूल नाही, नवरदेव तर नाहीच. मागच्या बाजूला मऊ मातीत उभी करायची, पुढ्यात गवत टाकायचं आणि सकाळी गल्लीत चालवून बघायची. तिच्या वडिलांचा टांगा होता. नाल ठोकली त्याच दिवशी जुंपलेला घोडा भर रस्त्यात बसलेला तिने लहानपणी पाहिला होता. पुढे त्या घोड्याचं काय झालं ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

नालबंदाला हे झोंबायचं. त्याला वाटायचं, बाई आपल्या हातावर संशय घेते.

"वहिनी, तुम्ही नवी चप्पल घेतली की दिवसभर झोपून राहता का?"

"माझ्या पायाला तुम्ही खिळे ठोकत नाही, भाऊ."

"माझा खिळा आजपर्यंत टोचलाय का? एक तरी दाखवा."

"नाही टोचला. टोचेल त्या दिवशी घोडी घरात असेल, वरातीत नाही."

"दादा, काय बोलायचं आता यांना?"

मी घोडीला मागच्या मातीत नेऊन बांधायचो. घोडी उभी राहायची. तो बडबडत चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा आणि जायचा. चहा घेतल्याशिवाय मात्र कधी गेला नाही.

बायको दिवाळीनंतर गेली. पोटाचं ऑपरेशन झालं, घरी आणली, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. दुसऱ्याच सकाळी बघतो तर ही गवताची पेंढी सोडतेय. मी म्हटलं, पडून राहा की जरा. तर म्हणाली, "मला काय नाल ठोकलीय का?" आणि हसली. मीही हसलो. पेंढी उचलली म्हणून ती गेली असं नाही. रोगच तसला होता, डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं. पण ते हसणं अजून कानात येतं. येऊ नये असं वाटतं, तरी येतं.

आता धंद्याचं सगळं मुलगा बघतो. वरात फोनवर ठरते, घोडीचा फोटो फोनवरच जातो. मुलगा वाईट नाही. पण त्याने मला सरळ सांगून ठेवलं होतं, "बाबा, घोडीचं वय झालंय. सीझनमध्ये कामं सोडायला लागली तर ठेवून उपयोग नाही. विकून टाकू." ही घोडी शिंगरू असल्यापासून बायकोने वाढवलेली. तिच्या हातचं हलतं-चालतं असं घरात दुसरं काही उरलेलं नाही. हे मी मुलाला सांगितलं नाही. असलं मला बोलता येत नाही.

ती गेल्यावर महिन्याभरातच, लग्नसराईत घोडीच्या पुढच्या पायाची नाल ढिली झाली. नालबंद आदल्या दिवशी यायचा होता, तो वरातीच्याच दिवशी दुपारी उगवला. बायको गेल्यानंतर नाल ठोकायला आला तो पहिल्यांदाच. चारही पायांची नाल बदलली. एरवी हातोडीपेक्षा त्याचाच आवाज जास्त. त्या दिवशी हातोडीच ऐकू येत होती. काम झालं, त्याने कानस पिशवीत टाकली आणि सवयीने आमच्या दाराकडे बघत थांबला. दारात कोणी नव्हतं.

मुलगा म्हणाला, "मग संध्याकाळी न्यायला हरकत नाही ना?"

नालबंद पिशवीचं तोंड बांधत राहिला.

"काका, तुम्हीच तर इतकी वर्षं आईला सांगत होतात."

मी म्हटलं, "घोडी आज जाणार नाही."

"बाबा, आई नाहीये आता."

"मला सांगतोस?"

"अहो, पण त्या लोकांना काय सांगू? घोडीने नवीन बूट घेतलेत, आज घरीच बसणार आहे?"

बायकोला यावर चटकन उत्तर सुचलं असतं. मी नुसता घोडीचं दावं धरून उभा राहिलो. मुलाने झूल काढायला पेटी उघडली.

तेव्हा नालबंद बोलला. "नेऊ नकोस रे."

"काय? तुम्ही म्हणताय हे?"

"माझा खिळा बरोबर बसलाय. वहिनी असत्या तर आत्ता चांगला तासभर भांडलो असतो. पण त्या नाहीत. समोर बोलणारं माणूस नाही म्हणून आज माझंच खरं करायचं, हे मला नाही जमणार."

मग त्यानेच फोन लावला. विश्रांतवाडीच्या एका घोडीलाही तोच नाल ठोकतो. ती घोडी रिकामी होती. मुलगा आमची झूल काखोटीला मारून तिकडे निघून गेला. जाताना पेटी उघडीच टाकली. चहा मी केला. वाईट झाला होता. नालबंदाने मुकाट्याने संपवला.

संध्याकाळभर मी घोडीपाशी पोत्यावर बसून तिचे पाय बघत होतो. कसं बघायचं ते मला नीट येत नाही, ते काम बायकोचं होतं. लंगडली तर मुलगा म्हणणार, विका. नाही लंगडली तर म्हणणार, काम फुकट घालवलं. दोन्हीकडून माझ्या हाती काही लागणार नव्हतं. घोडीला त्याचं काय? ती गवत खात होती.

सकाळी तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. डांबरावर चारी पायांचा आवाज सारखा. लंगडत्या घोड्यासारखी एकदाही मान खाली गेली नाही. मुलगा तोंडात ब्रश घेऊन दारात उभा होता.

"काही झालं नव्हतं तिला," तो म्हणाला.

"नाही."

"काल चालली असती."

"असती."

खरं तेच होतं. उभी ठेवली म्हणून नीट राहिली की नीटच होती, हे कोण सांगणार? बायकोलाही सांगता आलं नसतं. मी वाट बघत होतो, आता हा विकायचं काढतो.

त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि येऊन घोडीचा पुढचा पाय उचलला. खिळे बघितले. दुसरा पाय उचलला. मग पाय खाली ठेवून म्हणाला, "पुढच्या महिन्यात स्वारगेटच्या पुढे एक वरात घेतलीय. टेम्पोने न्यावी लागेल. नालबंद काकांना आदल्या दिवशीच बोलवा. त्या दिवसाचं काम मी घेत नाही."

मी हो म्हटलं आणि घोडीला पाणी दाखवलं.