पूर्वेचं दार दक्षिणेला

घोडबंदर रोडवरच्या एका पूर्वमुखी फ्लॅटचं दार दक्षिणमुखी आहे असं मी जाहीर केलं. होकायंत्र लावून, तीनदा मोजून, घरच्या मंडळींसमोर. मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. दिशा काढायला शिकवणं हे माझ्या नोकरीतच येतं.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी भूगोलाच्या इज्जतीबद्दल बोलावं लागेल. ती फारशी नाही. आमच्या सोसायटीत लोक मला दोनच गोष्टी विचारतात. पाऊस कधी येणार, आणि अमुक देशाची राजधानी कुठली. राजधानी शक्यतो चार माणसांत विचारतात, म्हणजे चुकलो तर साक्षीदार असावेत. एका साखरपुड्यात मुलीच्या मामांनी जेवता जेवता मंगोलियाची राजधानी विचारली. माझ्या तोंडात जिलबी होती. ती संपेपर्यंत मामींनी मोबाईलवर बघून सांगून टाकलं. मामा समजुतीने म्हणाले, "असू दे सर, सगळंच कुठे लक्षात राहतं."

आम्ही भूगोलवाले या गोष्टीचं दुःख दरवर्षी अधिवेशन भरवून करतो. समाजात भूगोलाची प्रतिमा काय, यावरचं सत्र नेहमी जेवणानंतर असतं. अर्धे म्हणतात भूगोल विज्ञान आहे, अर्धे म्हणतात सामाजिक शास्त्र आहे, आणि चहा आला की दोन्ही बाजू समोशाकडे वळतात. शेवटी ठराव होतो, की प्रत्येक शिक्षकाने विषय घेऊन समाजात गेलं पाहिजे. त्या वर्षीच्या ठरावाला अनुमोदन मी दिलेलं. ते सत्र ज्या हॉलमध्ये होतं तो हॉल मात्र आम्हा सगळ्यांना शिपायाला विचारत विचारत शोधावा लागला होता.

अधिवेशनाहून आलो आणि आठवड्याभरात एक विद्यार्थिनी स्टाफरूममध्ये आली. पहिल्या वर्षाची, कोपरला राहणारी. दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय निवडायचा असतो, त्याचा फॉर्म तिच्या हातात होता. भूगोल लिहिलेला, पण पालकांच्या सहीची जागा रिकामी.

"पप्पा सही देत नाहीयेत, सर. म्हणतात इंग्लिश घे नाहीतर इकॉनॉमिक्स घे."

"आणि तुला?"

"मला भूगोलच पाहिजे. सोमवारी शेवटचा दिवस आहे. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?"

मुलगी खरंच चांगली होती. पण खोटं कशाला बोलू, माझाही स्वार्थ होता. आमच्या वर्गाला मुलं इतकी कमी, की एक कमी झालं तरी प्राचार्य वर्ग बंद करण्याची भाषा करतात. मी लगेच तिच्या वडिलांना फोन लावला.

त्यांचं शीळफाट्याजवळ खिडक्यांच्या ग्रिल आणि लोखंडी दारं बनवायचं वर्कशॉप आहे. माणूस रोखठोक. "सर, भूगोल दहावीला चाळीस मार्कांचा असतो," ते म्हणाले. "चाळीस मार्कांच्या विषयाची आख्खी डिग्री कशी काय असते?"

मी प्रादेशिक नियोजन, जलव्यवस्थापन, नकाशाशास्त्र असं बरंच काही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते राहू द्या. दिशा तरी शिकवतात ना तुमच्यात?"

त्यांनी घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेला. कोपरचं घर सोडून तिकडे जायचं होतं. बिल्डर म्हणत होता दार पूर्वेला आहे. शेजाऱ्यांनी दारात उभं राहून मोबाईलमधलं होकायंत्र लावलं, तर त्यात दक्षिण आली. तेव्हापासून घरच्या बाईंनी सामान बांधणं थांबवलं होतं.

"तुम्ही तुमचं यंत्र घेऊन या. एकदाच काय ते ठरवून टाका. भूगोलाचा उपयोग दिसला, तर मी तिथेच सही करतो."

माझा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही. त्यावर मी एक व्याख्यानही दिलेलं आहे. तेव्हा बाणेदारपणे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "रविवारी चारला चालेल?"

रविवारी कॉलेजचं मोठं होकायंत्र आणि त्याचा तिपाई स्टँड घेऊन मी त्यांच्या टेम्पोत बसलो; मायलेकीही बरोबर होत्या. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. दाराबाहेर त्यांनी स्वतः बनवलेलं सेफ्टी डोअर आधीच बसवलं होतं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सळ्या, खाली पत्रा, वर सूर्यफुलाची नक्षी. "सगळं लोखंड आहे," ते अभिमानाने म्हणाले. "हलवून बघा." मी हलवून बघितलं आणि त्यांचं कौतुकही केलं.

मग मी स्टँड बरोब्बर त्या उंबरठ्यात लावला.

आता इथे थोडं शिकवावं लागेल. होकायंत्राच्या जवळ लोखंड असेल तर सुई तिकडे ओढली जाते. हे मी दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतो. कॉलेजच्या मैदानावर मुलांच्या हातातली कडी काढायला लावतो, चाव्या दूर ठेवायला लावतो. एकदा एकाची बाईक पार गेटबाहेर न्यायला लावलेली. त्या दिवशीही मी कसूर केली नाही. खिशातल्या चाव्या काढून बाईंच्या हातात दिल्या. घड्याळ काढलं. पट्ट्याचं बक्कल लोखंडी असेल अशी शंका आली म्हणून पट्टासुद्धा काढला आणि डाव्या हाताने पँट धरून उभा राहिलो. बाई भारावून बघत होत्या. माझी पाठ सेफ्टी डोअरला टेकलेली होती.

समोरच्या गॅलरीतून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, आकडे दिसेनात. मी विद्यार्थिनीला म्हणालो, "जरा तो पडदा ओढ गं." तिने पडदा ओढला. तेव्हाच ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती, पण मला वाटलं पट्ट्यामुळे असेल.

सुई स्थिरावली. दक्षिण. मी शास्त्रीय पद्धतीने आणखी दोनदा मोजलं, त्याच जागी उभं राहून. दोन्ही वेळा दक्षिण. तीनही आकडे जुळल्याचा मला फार आनंद झाला आणि त्याच आनंदात मी निकाल सांगून टाकला.

बाई तिथल्या उलट्या बादलीवर खाली बसल्या. "मी सांगत होते," एवढंच म्हणाल्या. वडील बायकोकडे बघत होते. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि पँट धरून उभ्या माणसाला तेवढंच हवं असतं.

"सर," मुलगी म्हणाली. "दार दक्षिणेला असेल तर गॅलरी उत्तरेला ना?"

"अर्थात."

तिने पडदा पुन्हा उघडला. "मग आत्ता संध्याकाळी चारला सूर्य उत्तरेला कसा?"

ऊन हॉलभर पसरलं, अगदी माझ्या पायांपर्यंत. मी तोंड उघडलं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक सांगावा असं मनात आलं, पण आपल्याकडे तो फरक इतका थोडा असतो की त्यामागे उंदीरसुद्धा लपणार नाही.

"आणि तुम्ही सेफ्टी डोअरला टेकलाय, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच शिकवलेलं. म्हणून मोबाईलपण चुकला असणार."

"अगं, सरांना असं बोलतात का," आई म्हणाल्या, पण बादलीवरून उठल्या.

मुलीने स्टँडवरून होकायंत्र काढून घेतलं आणि खाली गेली. आम्ही तिघं गॅलरीतून बघत होतो. बिल्डिंगमागच्या मोकळ्या मैदानात ती गाड्यांपासून आणि पत्र्याच्या कुंपणापासून लांब गेली, हातातल्या बांगड्या काढून ओढणीत बांधल्या, आणि इमारतीच्या भिंतीच्या रेषेत उभी राहिली. एकदा मोजलं. मग जागा बदलून पुन्हा मोजलं. मला हे सुचलं नव्हतं. दहा मिनिटांनी वर आली, कागदावर चौकोन काढून आईला समजावलं. गॅलरी पश्चिमेला, दार पूर्वेला, जराशी ईशान्येकडे झुकलेली पूर्व.

"ईशान्य चांगली असते ना?" आईंनी मला विचारलं.

मी पट्टा बांधत होतो. "फारच," मी म्हणालो. व्याख्यान दिलेला तो माणूस बहुधा दुसरा कोणी असावा.

वडिलांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी सेफ्टी डोअरवर एकदा हात फिरवला, मुलीकडून फॉर्म मागून घेतला, त्याच दाराच्या पत्र्यावर ठेवला आणि सही केली. मग फॉर्म तिच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

"घेऊ दे तिला भूगोल," ते म्हणाले. "तुमच्या कॉलेजात कोणाला तरी तो यायला पाहिजे, सर."