बंद दाखवलेला संच

पूर्णा रस्त्यावरच्या वस्तीतला सामूहिक टीव्ही तीन आठवडे बंद होता, असं मी एकदा कार्डावर लिहून दिलं होतं. तो बंद नव्हता. मी तिकडे गेलोच नव्हतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

विद्यापीठाचं नामांतर व्हायला तेव्हा काही वर्षं बाकी होती. मी परभणीत एका खाजगी शाळेत शिकवत होतो आणि जोडीला टीव्हीच्या केंद्रासाठी प्रेक्षक पाहणीचं काम करत होतो. केंद्रानं जिल्ह्यातली काही घरं आणि दोन सामूहिक संच ठरवून दिले होते. प्रत्येक ठिकाणी आठवड्याचं कार्ड द्यायचं, पुढच्या आठवड्यात भरलेलं परत आणायचं आणि पाकिटातून वर पाठवायचं. कार्डावर कार्यक्रमांची नावं छापलेली असत. समोर तीन चौकोन: पाहिला, अर्धवट पाहिला, संच बंद. खाली एक ओळ, किती जणांनी पाहिला.

कार्ड कुणीच भरत नसे. "सर, तुमीच लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय." मग मी ओट्यावर बसून विचारायचो आणि घरातला कर्ता माणूस उत्तर द्यायचा. आणि कर्ता माणूस आपल्याला शोभेल असंच उत्तर द्यायचा. पोखर्णीतले एक बागायतदार मला आठवतात.

"आमी बातम्या बघतो. आन शेतीचा कार्यक्रम. बाकी फालतू काय बघत न्हाई."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "बातम्या लागल्या की घोरायला लागतेत. त्या मेकॅनिकला बघून पोट धरून हसतेत, ते सांगा की सरांना."

"तू चहा टाक गं."

"टाकलाय. खोटं बोलून झालं की प्या."

मी बातम्यांसमोर खूण केली. मेकॅनिकसमोर केली नाही. तसा काही नियम नव्हता, पण कर्त्याचंच लिहायचं ही आमच्याकडची रीत होती आणि मला ती कधी खटकली नाही.

हा मेकॅनिक म्हणजे एका मराठी मालिकेतलं पात्र. अवकाशयान, त्याचा कप्तान, एक शास्त्रज्ञ बाई, पुठ्ठ्याचे ग्रह, अशी ती मालिका होती. मेकॅनिक नावापुरता होता. पण तो आपल्यासारखा बोलायचा. यान हेलकावे खाऊ लागलं की कप्तान शुद्ध भाषेत ओरडायचा आणि मेकॅनिक इंजिनाला थोपटत म्हणायचा, "थांबा सायेब, लय तापलंय ते. जरा दम खाऊ द्या." परभणीत पानटपरीवर लोक ते वाक्य बोलायला लागले. एसटी बंद पडली की आतले प्रवासी ड्रायव्हरला तेच ऐकवायचे.

मेकॅनिकचे संवाद माझा मित्र लिहायचा. तो सोनपेठकडचा. त्याचं घर गावाबाहेर होतं, माझं गावात. कॉलेजची तीन वर्षं आम्ही परभणीत एकाच खोलीवर काढली, एका स्टोव्हवर भात शिजवला. पुढे त्याला एका खात्यात नोकरी लागली. ती सोडून तो मुंबईला गेला तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पहिल्या मालिकेत त्याला फक्त त्या एका पात्राच्या ओळी दिल्या होत्या. मुख्य लेखक दुसरे होते.

मग प्रेक्षकांची पत्रं गेली. मेकॅनिक अजून दाखवा, असं लोकांनी लिहिलं. केंद्रानं ते मनावर घेतलं आणि मूळ मालिका संपल्यावर त्या एकट्या पात्राची वेगळी मालिका काढली. मेकॅनिक एका परक्या ग्रहावर अडकतो आणि तिथे दुरुस्तीचं दुकान टाकतो. ही मालिका सबंध माझ्या मित्राची होती. तेरा भाग मंजूर झाले. पुढचे तेरा मिळणार की नाही, हे पाहणीवर ठरणार होतं. पुढचे मिळाले तर तो मुंबईत लेखक म्हणून टिकणार, नाही तर परत. एवढं सरळ होतं ते.

सुरुवातीला मालिका आठवड्यातल्या चांगल्या वेळी होती, बातम्यांच्या लगेच नंतर. तिसऱ्या-चौथ्या भागानंतर केंद्राकडे शहरांतून तक्रारीची पत्रं येऊ लागली. भाषा गावंढळ आहे, मुलं तशीच बोलायला लागलीत, परग्रहावर कुणी असं बोलतं का. केंद्रानं मित्राला बोलावून भाषा जरा उजळून घ्या म्हणून सांगितलं. त्यानं थोडी घेतली. मग मालिका शनिवारी संध्याकाळी सहाला हलवली. सहा वाजता आमच्याकडे माणसं रानातून निघालेली असतात, धारा काढायच्या असतात. भाषा आणि वेळ बदलल्यावर ओट्यावरची उत्तरंही बदलली. "त्यो आता पुस्तकावानी बोलायलाय, सर. पयल्यावानी मजा न्हाई." हे मी कार्डावर लिहिलं नाही. त्याला चौकोन नव्हता.

त्याच सुमारास मित्र दोन दिवस परभणीत आला होता. स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "पत्रं लिहिणारे लोक वेगळे असतेत, बघणारे वेगळे. आपल्याकडचे लोक पत्र लिवत न्हाईत. बघतेत आन उठून जातेत. केंद्राला ते दिसतच न्हाईत."

"मग?"

"मग काय. तुझी कार्डं हायेत. तेवढीच त्यांची पत्रं." मग हसून म्हणाला, "माझ्यासाठी वाढवून लिहू नको मात्र. तसलं यश नको मला. जे दिसंल ते लिव."

मी म्हणालो, "ते काय सांगायला पाहिजे का."

शेवटचे तीन आठवडे महत्त्वाचे होते. त्या कार्डांवर निर्णय होणार, असं केंद्रानं कळवलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यांत नामांतराच्या मागणीसाठी मोर्चे निघाले, त्याला विरोध करणाऱ्यांच्या सभा झाल्या. परभणीत दुकानं अर्धी उघडी असायची. मारहाण, जाळपोळ असं माझ्या डोळ्यांसमोर काही झालं नाही. एवढंच झालं की आमच्या संस्थेचे एक संचालक मला शाळेच्या व्हरांड्यात थांबवून म्हणाले, "सर, तुमी त्या वस्तीत चकरा मारता म्हणे. चहा बी घेता."

"पाहणीचं काम आहे, दादा."

"काम हाय, मान्य. पण दिवस कसले हायेत? लोक बघायलेत. पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याचं हाय ना मीटिंगमध्ये?"

त्यांनी दमदाटी केली नाही. खांद्यावर हात ठेवून बोलले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मी वस्तीचा रस्ता टाळला. बाकीची घरं केली. वस्तीतल्या समाजमंदिरात एक संच होता, लाकडी पेटीत, कुलूप लावलेला. किल्ली तिथल्या बालवाडीच्या बाईंकडे असायची. त्या संचाची तीन आठवड्यांची तीन कार्डं मी माझ्या खोलीत बसून भरली. पहिल्यावर खूण करताना हात अडला होता. दुसऱ्या-तिसऱ्याला अडला नाही. संच बंद, संच बंद, संच बंद. मला वाटलं, सहाला कोण बघत असेल तसंही.

पाकीट गेलं. आठ दिवसांनी बालवाडीच्या बाई शाळेत आल्या. वस्तीतून बसनं आल्या होत्या. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. मी बाहेर गेलो.

"सर, तुमी आलाच न्हाईत. आमी वाट बघितली. तब्येत बरी हाय न्हवं?"

"थोडं बरं नव्हतं."

"मी म्हनलं होतं वस्तीतल्या समद्यांना, सर आजारी असतेल. म्हनून मीच लिवून ठेवलं." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. बालवाडीच्या हजेरीची वही होती ती. मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी रेघा मारून रकाने पाडले होते. नाव, सही किंवा अंगठा, शेरा. मी कधीतरी त्यांना गमतीनं म्हणालो होतो की तुमची हजेरी वर पोचली पाहिजे. त्यांनी खरंच हजेरी घेतली होती. मालिका सुरू व्हायच्या आधी दारात बसून, एकेकाची.

पानं भरून नावं मागच्या बाजूलाही गेली होती. मला इतकी माणसं अपेक्षित नव्हती.

"सहा वाजता एवढी माणसं?"

"बाया शनवारी लवकर कामाला लागल्या, लवकर सुटल्या. मालकिनीला सांगितलं, मेकॅनिकला बघायचंय. मेंढरंवाले बी आले होते माळावरचे. ते भाइर हुभे ऱ्हायले, मेंढरं सोडून आत कसं बसनार. पण बघितलं त्यांनी. अंगठे हायेत त्यांचे."

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी जे लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. 'लय हसले.' 'वीज गेली, कुणी उठलं नाही, परत आली.' 'मेकॅनिक आज पुस्तकावानी बोलला, म्हातारे नाराज.' 'शेवटी रडले.'

"वर पाठवा एवढं," त्या म्हणाल्या. "पुढचं दाखवनार का विचारायलेत समदे."

मी हो म्हणालो. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि बसला उशीर होतोय म्हणून गेल्या.

वही पाठवायला वेळ होता. केंद्राचा निर्णय अजून झालेला नव्हता. पण वही पाठवली असती तर माझी तीन कार्डं खोटी ठरली असती, आणि ती का खोटी लिहिली हेही कुणीतरी विचारलं असतं. मी वही शाळेच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांखाली ठेवली. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा जेवलो. महिन्याभरात मी कायम झालो.

मालिका तेरा भागांवर थांबली. वस्तीची तीन कार्डं एकटी निर्णय फिरवू शकली असती का, मला माहीत नाही. इतर जिल्ह्यांतही पाहणी होती, तिथल्या ओट्यांवर काय चाललं होतं कोण जाणे. मी पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण मित्राला केंद्रातून आलेल्या पत्रात ग्रामीण भागात प्रतिसाद नाही, असं लिहिलं होतं, आणि केंद्रातल्या ओळखीच्या बाईंनी त्याला आमच्या जिल्ह्याचे कागदही दाखवले होते.

तो परत आला तेव्हा सरळ माझ्या खोलीवर आला. बॅग खाली ठेवली, पाणी प्यायला.

"पूर्णा रस्त्यावरच्या वस्तीत संच बंद होता म्हणे. तिन्ही शनवारी."

मी तांब्या उचलून त्याचा पेला पुन्हा भरला.

"मला वाटलं होतं तिथं तरी बघतेल," तो म्हणाला. "मी लिवताना तीच माणसं डोळ्यांपुढं ठेवली होती. खरंच बंद होता का रे?"

"हो," मी म्हणालो. "बिघडला होता. दुरुस्तीला कुणी आलं नाही."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मेकॅनिकचीच मालिका आन संच बिघडला." आणि हसला. मीही हसलो. ते हसणं मला कसं जमलं, हे मला आजही समजत नाही.

त्यानं पुन्हा लिहिलं नाही. सोनपेठला एका दुकानात हिशोबनीस म्हणून लागला, मग त्याच्या वडिलांची थोडी जमीन बघू लागला. लग्नकार्यात भेटतो. माझी विचारपूस करतो. नामांतर झालं त्या दिवशीही आम्ही स्टँडवर भेटलो होतो. त्यानं मला पेढा दिला, मी खाल्ला.

बालवाडीच्या बाईंना मी नंतर कधी भेटायला गेलो नाही. सुट्टीत शाळेची कपाटं रिकामी केली तेव्हा शिपायानं सगळे जुने कागद रद्दीत घातले. ती वहीही गेली. मी तिथंच उभा होतो. थांब म्हणालो नाही.

आता माझ्याकडे दाखवायला काही नाही. मित्राला मी एवढंच सांगायचं देणं लागतो: संच चालू होता, समाजमंदिर भरलं होतं, दाराबाहेरही माणसं उभी होती, आणि हे मला माहीत होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.