खांद्यावरचे तीन स्टार

कळंब्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे त्यांना काकाच म्हणतात. आवाज गेटवरून चौथ्या मजल्यावर पोचणारा. भर एप्रिलमध्येही ते दोन्ही खांद्यांवर टॉवेल पांघरून बसायचे. एकदा कारण विचारलं, तर तो आवाज एकदम खाली आला.

“एजन्सीनं ड्रेसवर कॅप्टनचं तीन स्टार लावल्यात. मी मिलिट्रीतनं साधा नायक म्हणून रिटायर झालोय, ऑफिसर न्हाय. लाज वाटती की ओ.”

गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांची मुलगी नवी लेफ्टनंट होऊन वर्दीतच घरी आली. तिच्या खांद्यावर दोन स्टार. स्वागताला आम्ही सगळे खाली जमलो. गडबडीत काकांचा टॉवेल खुर्चीवरच राहिला होता. तिने गमतीने त्यांनाच कडक सॅल्यूट ठोकला.

“जय हिंद, कॅप्टनसाहेब!”

सगळे हसले. काकांनी खांद्यांवरच्या पट्ट्या ओढून काढल्या, खिशात कोंबल्या आणि मग ताठ उभं राहून तिला सॅल्यूट केला.

“ह्ये माझं न्हाय, मॅडम.”

तिचं हसू मावळलं. “सॉरी, काका,” ती हळूच म्हणाली.

तिला घेऊन सगळे जिन्याकडे वळले. काका मात्र आमच्याकडे पाठ करून, गेटचे गज घट्ट धरून उभे राहिले.