माझा फ्रॉकातला फोटो

माझा लहानपणीचा एकच फोटो आहे आणि त्यात मी फ्रॉक घातलेला आहे.

हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या लोकांना इतक्या शांतपणे सांगितलंय की त्याची लाज कधीच मोडून गेली. समोरचा हसायच्या आत मी पुढचं टाकतो: मी नवसाचा, एकुलता एक. दृष्ट लागू नये म्हणून मला मुलीचे कपडे घालत. त्या काळी रीतच होती तशी. (होतीच! मी इतिहासाचा मास्तर आहे. रीतींच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही.) फ्रॉकावर हे एवढालं फूल, डोक्याला रिबिनी, कानात डूल, गालावर काजळाची तीट. दृष्ट लागायला कुठे जागाच ठेवली नव्हती.

फोटो पत्त्याएवढा, परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेतला. मागे रंगवलेल्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस आणि हंसाच्या डोक्यावरून चाललेलं विमान. पुढे दोन खुर्च्या. एकीवर माय, मान खाली घालून, जणू पायाखाली काहीतरी सांडलंय. दुसरीवर आप्पा, म्हणजे माझे वडील. पटका, कोट, मनगटावर घड्याळ. आणि दोघांच्या मधे, आप्पांच्या मांडीवर, मी.

मी चार वर्षांचा असताना तापाचं निमित्त झालं आणि आप्पा गेले. मला त्यांचा आवाज आठवत नाही, चाल आठवत नाही. गावातली जुनी माणसं सांगायची, लई उंच गडी होता. मी ऐकून घ्यायचो. माझ्याकडे आप्पा म्हणून जे काही आहे ते एवढंच, त्या फोटोत माझ्या पोटाभोवती धरलेला त्यांचा हात. नोकरी लागली तेव्हा, बदली झाली तेव्हा, हेडमास्तरकी हुकली तेव्हा मी कपाट उघडून तो हात बघून घेतलाय. फ्रॉकासकट.

गेल्या उन्हाळ्यात माझी एकसष्टी आली. एक जूनला. आमच्या गावात माझ्या वयाचे सगळेच एक जूनला जन्मलेत; शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींना ती तारीख फार आवडायची. खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा. पण पेन्शन सरकारी तारखेने मिळते, म्हणून एकसष्टीही सरकारी तारखेनेच!

मुलगा विकास पुण्याहून आला तो फ्लेक्सचं ठरवूनच. एक फ्लेक्स फाट्यावर, एक मंडपात स्टेजच्या मागे. त्याने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि विचारलं, "पप्पा, खाली साल कोणतं टाकू?"

आयुष्यभर पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, पानिपतचं साल चुकलं म्हणून कान पिळले, आणि स्वतःच्या एकुलत्या एका फोटोचं साल मला ठाऊक नाही! फोटोच्या मागे बघितलं तर नुसता पिवळा डाग. विकास म्हणाला, राहू द्या, नुसतं 'बालपण' लिहू. मी त्याला झापला. साल नसलेलं उत्तर मी पोरांच्या पेपरात खपवून घेतलं नाही, स्वतःच्या मंडपात घेणार होय?

आधी मायकडे गेलो. मायची ऐंशी उलटली असेल, पण डोकं माझ्याहून ताजं.

"माय, हा फोटो कधी काढला?"

"जत्रंत."

"कोणत्या साली?"

"जत्रा दरसाल आसती."

"मी तेव्हा केवढा होतो?"

माय लसूण सोलत होती. तिने पाकळी वर धरून नीट बघितली आणि म्हणाली, "ल्हान व्हतास."

आणि तिने पुढची पाकळी सोलायला घेतली. वयोमानाने विसरली असेल, असं मी धरून चाललो. (याच बाईने त्याच सकाळी आमच्या मंडळींना सतरा वर्षांपूर्वी करपलेल्या भाजीची आठवण करून दिली होती.) साक्षीदार फितूर झाला की इतिहासकाराने वस्तूंकडे वळायचं असतं. मी भिंग घेऊन बसलो.

फोटोतलं पोर दोन वर्षांचं दिसत होतं. म्हणजे माझ्या जन्मसालात दोन मिळवायचे, झालं साल! मी उठून विकासला हाक मारणार, इतक्यात मंडळींनी माझ्या हातातलं भिंग घेतलं.

"ह्या पाटल्या बघा आत्याबाईंच्या हातात. त्या तर सांगतात, तुमी पोटात असताना विहिरीपायी मोडल्या. मग तुमी जल्मून दोन वर्षांचे झाल्यावर पुन्हा कुठून आल्या?"

बायकांची नजर सोन्यावर जाते ती अशी. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. मी तिला समजावून सांगितलं की आप्पांच्या हातात घड्याळ दिसतंय आणि आप्पांनी जन्मात घड्याळ घेतलं नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. म्हणजे घड्याळ फोटोवाल्याचं. कोटही त्याचाच, कारण बाह्या आखूड आहेत. घड्याळ त्याचं, कोट त्याचा, तर पाटल्याही त्याच्याच, पितळी. पुराव्यांची सांगड घालायची असते ती अशी!

मंडळींनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग लेकरूबी त्याचंच का?"

मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

दोन्ही फ्लेक्स सिरसाळ्याहून छापून आले. पत्त्याएवढा फोटो आता दारातल्या ट्रॅक्टरएवढा झाला होता. फ्रॉकावरचं फूल सूपभर, रिबिनी दोरखंडासारख्या, आणि खाली ठळक अक्षरात, 'नारायण गुरुजी, वय वर्षे दोन', पुढे मी शोधलेलं साल. (ते इथे लिहीत नाही. एकदा तोंडघशी पडलो तेवढं पुरे.) फाट्यावर एसटी थांबली की खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. शेजारच्या गावचे एक पाहुणे मोटारसायकल थांबवून, कुणाच्या मुलीचा कार्यक्रम आहे, असं विचारून गेले. मी त्यांनाही उभ्या उभ्या नवस, दृष्ट आणि त्या काळची रीत ऐकवली.

कार्यक्रम झकास रंगला. सरपंचांनी भाषणात 'फ्रॉकापासून फेट्यापर्यंतचा प्रवास' असं काहीतरी काढलं आणि टाळ्या घेतल्या. मग मी उठलो. मला वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण समोर माणसं आणि हातात माइक असला की माझा तास सुरू होतो. मी फोटोचं साल कसं हुडकलं ते पहिल्यापासून सांगितलं. घड्याळ झालं, पाटल्या झाल्या. शेवटी आप्पांच्या हातावर आलो. वडील म्हणून मला एवढाच हात मिळाला, असं म्हणालो. बायांनी डोळ्याला पदर लावले.

मग ओवाळणी. गावच्या लेकीबाळी ताट घेऊन एकेक वर येत होत्या. त्यात गयाक्का आली. गयाक्का आमच्या शेजारच्या घरची लेक, माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठी. तिला दिली शिरूर कासारकडे. लग्न झाल्यापासून दर साल ऊसतोडीला जायची. माहेरी येणं म्हणजे लग्नकार्य नाहीतर मयत. तिने मला कुंकू लावलं, ताट फिरवायला उचललं आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. ताट तसंच हवेत राहिलं.

"नारायणा, ह्यो तर माजा फ्राक हाय."

माइक माझ्या हातात होता. चालू होता. मी हसून म्हणालो, अक्का, त्या काळी असे फ्रॉक घरोघरी असायचे.

"मामानं हैद्राबादहून आणलता. असलं फूल गावात दुसरं नव्हतं. त्याचा तुकडा आजून वाकळंला लावलाय माज्या, पांघरते मी." मग ती जरा पुढे झाली, फ्लेक्सकडे निरखून बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आन् ती मीच हाय रं! माय सांगायची माजी, तुज्या आईबापानी मला जत्रंत उसनी नेलती म्हून."

मंडपात मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि तो हशा पुढे पुढे येत स्टेजवर चढला. सरपंच फेटा सावरत हसत होते. विकास माझा सख्खा मुलगा, तोसुद्धा खांबाला टेकून हसत होता! मी हसण्यासारखं तोंड केलं. पण खरं सांगतो, फ्रॉक गेला त्याचं काही नाही. तो हात गेला होता.

पंगती बसल्या तशी मी घरात आलो. माय आतल्या खोलीत पंख्याखाली बसली होती. मी तिच्यापाशी खाली बसलो आणि कपाटातला तो मूळ फोटो तिच्या पुढ्यात ठेवला. मास्तरकीची भाषा कुठल्या कुठे गेली.

"माय, मला कावून सांगितलं न्हाई?"

माय फोटोवरून बोट फिरवत सांगायला लागली. लग्नाला वरीस झालं होतं. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची चोरी. आप्पांना फोटोची भारी हौस. पण जत्रेला सारं गाव लोटलेलं, तिथे नवरा-बायकोने दोघांनीच खुर्च्यांवर शेजारी बसायचं म्हणजे केवढी लाज! मधे एखादं लेकरू असलं म्हणजे बघणाऱ्याला काही वाटत नाही. म्हणून शेजारणीच्या कडेवरची गया मागून घेतली, फोटो झाला आणि हातात गुडीशेव देऊन परत केली.

"तुजे आप्पा गेल्यावर तू ह्यो फोटू घिऊन बसायचास," माय म्हणाली. "बोट ठिवून म्हनायचास, ह्ये आप्पा, ह्यो मी. बापाच्या मांडीवर बसलेल्या लेकराला मी ऊठ म्हनू का रं?"

मायने पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, एकसष्टीच्या फेट्यासकट.

जरा वेळाने मी विचारलं, "आन् ते नवसाचं, दृष्टीचं? फ्रॉक घालायची रीत?"

"ती तूच काढलीस, मास्तर झाल्यावर. समद्या लोकास्नी सांगायलास. मी कदी बोल्ले?"

हे मात्र खरं होतं. मी फोटो उचलला. म्हटलं, जाऊ दे. फोटो आप्पांचा आणि तुझा, माझा नाही. तर माय चिडली.

"नसाया काय झालं? जत्रंला गेलतो ती तुज्यापायी. पोटात व्हतास तू, चौथा म्हैना. वैजनाथाला सांगाया गेलतो. तुजे आप्पा त्या फोटूवाल्याला म्हनले, चौघं नीट येऊ द्या. त्यो बिचारा चौथा कोन म्हून खुर्चीमागं हुडकाया लागला. मी लाजंनं मान वर केली न्हाई."

आप्पांचं हे एकच वाक्य माझ्याकडे आहे. त्यांचा आवाज मला अजूनही ठाऊक नाही, पण आता मी ते स्वतःच्या आवाजात म्हणून बघतो. चौघं नीट येऊ द्या. मांडीवरचा हात गयाक्काच्या पोटाभोवती असला तर असू दे. मोजताना त्यांनी मला धरलं होतं.

मंडपातला फ्लेक्स गयाक्काने मागून नेला. ऊसतोडीला मुलाच्या कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीवर, घालायला बरा पडेल म्हणाली. तेव्हा हंगामात कुठल्या तरी उसाच्या फडात एका कोपीवर गयाक्काचा फोटो आणि त्याखाली 'नारायण गुरुजी, वय वर्षे दोन' असा ठळक खुलासा पसरलेला असेल. मूळ फोटो मी चौकटीत बसवून समोरच्या भिंतीवर लावला. खाली योग्य साल लिहिलं, आणि चौघांची नावं.

आल्यागेल्याला मी तो उठून दाखवतो: हे आप्पा, ही माय, ही गयाक्का, आणि चौथा मी. लोक पुढे वाकून शोधतात. परवा असेच एक पाहुणे मला शोधत असताना आमच्या मंडळी चहाचे कप घेऊन आल्या. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "काई म्हना, ह्यांचा इतका चांगला फोटो पुन्हा कदी आला न्हाई."